सांध्यांची वंशावळ

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या आहेत. कळसूत्री बाहुली नाचते ती सैल असते म्हणून. मान, खांदे, कोपर सगळं मोकळं ठेवलेलं असतं आणि दोरी सुटली की ती जागच्या जागी कोसळते. स्टॉप-मोशन सिनेमातल्या बाहुल्याकडून बरोबर उलटी अपेक्षा असते. त्याला जसं ठेवलं तसं उभं राहायचं असतं. हात वर केला की हात वरच राहिला पाहिजे. कॅमेरा एक चित्र घेतो, माणूस पुढे होऊन तो हात दोन-तीन मिलिमीटर सरकवतो, मागे होतो, पुन्हा एक चित्र. सेकंदाला २४ चित्रं. एकेक ठेवण दोनदा टिपायची सवलत घेतली तरी सेकंदाला १२ ठेवणी होतात, मिनिटाला ७२०. त्यांत एकदा जरी बाहुलं स्वतःच्या वजनाने वाकलं, तरी पडद्यावर ते विनाकारण दचकलेलं दिसतं.

या कलेचा माग काढताना बहुतेक जण दिग्दर्शकांची नावं धरून चालतात. मला वाटतं, तो सांध्यांवर बोट ठेवून काढावा. ठेवलं तसं राहणारा गुडघा कुणी आणि कशाचा केला, हे पाहत गेलं की बाकीची गोष्ट आपोआप उलगडत जाते.

आपल्याकडे सुरुवात सांधाच नसलेल्या वस्तूंनी झाली. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं रोप चित्रित केलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कुंडीत वाटाणा, समोर जागचा न हलणारा कॅमेरा, आणि महिनाभराहून अधिक काळ अंतराअंतराने घेतलेली चित्रं. ‘अंकुराची वाढ’ पाहून फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. १९१५ साली त्याच फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा पट केला, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. वाटाणा आपला आपण वाढला होता, इथे काड्या हाताने सरकवायच्या होत्या. फरक साधा वाटतो, पण अॅनिमेशनची सगळी मेहनत त्यातच आली. जे. जे. कला शाळा, बडोद्याचं कलाभवन आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने केलेले जादूचे प्रयोग, एवढं सगळं पाठीशी असलेल्या माणसाला हा खेळ सुचावा यात नवल नाही. तो पट आज उपलब्ध नाही. त्या काळात घरी रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करत. त्यांचं नाव इथे मुद्दाम घेतोय, कारण या कलेत घरची माणसं पुढेही वारंवार भेटणार आहेत.

आगकाडी वाकत नाही आणि कोसळतही नाही. टेबलावर ठेवली की पडून राहते. म्हणूनच ती नवशिक्याचं पहिलं पात्र ठरली. फाळक्यांच्या सात वर्षं आधी, १९०८ साली, फ्रान्समध्ये एमिल कोल याने काड्यांचाच एक छोटा पट केला होता, आणि त्याचा एक प्रेक्षक लिथुआनियातल्या कौनास शहरात होता.

व्लादिस्लाव स्तारेविच तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात काम करत होता. जन्म मॉस्कोचा, आईवडील पोलिश. कीटकांचा त्याला नाद. हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेले भुंगे मादीसाठी झुंजतात, ती झुंज त्याला चित्रित करायची होती. भुंगे निशाचर. दिव्यांचा झोत पडला की ते मलूल होऊन बसायचे. कोलच्या काड्या आठवून १९१० साली त्याने मेलेले भुंगे घेतले, त्यांचे पाय काढून बारीक तारेचे पाय लाखेने अंगाला चिकटवले आणि एकेक चित्र घेत ती झुंज लावून दिली. मला विचाराल तर सिनेमाच्या बाहुल्याचा पहिला खरा सांधा हाच. तार वाकते आणि वाकलेली राहते, लाख तिला धडाशी धरून ठेवते. निसर्गाने भुंग्याला दिलेला सांधा इथे कामाचा नव्हता, कारण मेल्यावर तो ताठरतो. कवच खरं आणि पाय बनावट, अशी ही जोडणी.

दोन वर्षांत स्तारेविच नुसत्या झुंजीवरून थेट प्रहसनावर आला. १९१२ सालच्या ‘कॅमेरामनचा सूड’ या पटात श्रीयुत भुंगे शहरात जाऊन एका नर्तकी चतुराच्या नादी लागतात. नाकतोडा हा तिचा आधीचा प्रियकर आणि धंद्याने कॅमेरामन. तो हॉटेलच्या खोलीच्या किल्लीच्या भोकातून सगळं प्रकरण चित्रित करतो आणि पुढे तेच चित्र भर थिएटरात दाखवतो, तेही भुंगेबाई शेजारी बसलेल्या असताना. आजही हा पट पाहताना हसू येतं. नाकतोडा सायकलवरून जातो तेव्हा त्याच्या पायांत तार आहे हे माहीत असूनही आपण विसरतो. लंडनच्या काही पत्रकारांना हे शिकवलेले जिवंत कीटक वाटले, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, तिच्यातला गैरसमज समजण्यासारखा आहे.

रशियन क्रांतीनंतर स्तारेविच फ्रान्समध्ये आला आणि पॅरिसजवळच्या फोंतने-सू-ब्वा इथे घरातच त्याने स्टुडिओ थाटला. बायको कपडे शिवायची, मुलगी इरेन पुढे त्याची बरोबरीची सहकारी झाली. कीटक गेले आणि त्यांच्या जागी कोल्हे, सिंह, माकडं आली. लाकडाचे जोडलेले सांगाडे आणि चेहऱ्यावर मऊ कातडं, जेणेकरून ओठ आणि भुवया बोटांनी दाबून बदलता याव्यात. ‘कोल्ह्याची कथा’ या पूर्ण लांबीच्या पटाचं चित्रण १९३० पर्यंत झालं होतं, पण ध्वनीच्या भानगडीत तो अडकला आणि १९३७ मध्ये आधी बर्लिनला प्रदर्शित झाला. सात वर्षं पेटीत पडून राहण्याचं दुःख त्याच्या बाहुल्यांना झालं नसेल, त्याला नक्कीच झालं असणार. दरम्यान १९३५ साली रशियात प्तुश्कोचा ‘नवा गलिव्हर’ हा बाहुल्यांचाच पूर्ण लांबीचा पट येऊन गेला होता.

अटलांटिकच्या पलीकडे दुसरी शाखा फुटली ती मातीतून. विलिस ओब्रायन याने १९१५ साली, म्हणजे फाळक्यांच्या काड्यांच्याच वर्षी, डायनासोर आणि आदिमानवाचा एक छोटा विनोदी पट केला. लाकडी सांधे आणि वर माती. पण माती दिव्यांखाली मऊ पडते, आणि मोठं जनावर तिच्यात टिकत नाही. ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या १९२५ सालच्या पटासाठी त्याने मार्सेल देल्गादो या तरुणाला हाताशी धरलं. देल्गादो मेक्सिकोत जन्मलेला, किराणा दुकानात नोकरी करून संध्याकाळी चित्रकला शिकणारा. त्याने धातूचे सांगाडे केले, त्यांवर स्नायूंसारखे स्पंजाचे थर चढवले आणि रबराची कातडी घातली. काही प्राण्यांच्या पोटात हवेचे फुगे बसवले, म्हणजे ते श्वास घेताना दिसतील.

शाळेत आपण उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा शिकलो. खांदा उखळीचा, गुडघा बिजागरीचा. देल्गादोच्या सांगाड्यात हेच दोन सांधे धातूत उतरले होते. दोन पट्ट्यांच्या मध्ये धातूची गोळी, आणि पट्ट्या आवळणारा स्क्रू. स्क्रू जास्त पिळला तर हात हलता हलत नाही, सैल राहिला तर हात हळूहळू खाली येतो. या दोहोंमधला पीळ हाताला कळावा लागतो. १९३३ च्या ‘किंग काँग’मधलं बाहुलं जेमतेम १८ इंच उंचीचं. सशाच्या कातड्याची त्याची लव प्रत्येक चित्रागणिक बोटांखाली दबायची, त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सतत सळसळताना दिसतात. ही चूकच, पण प्रेक्षकांनी ती रागाने फुललेली आयाळ म्हणून घेतली.

तो पट पाहून वेडा झालेला तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे रे हॅरीहाउसेन. त्याच्या एका सुरुवातीच्या अस्वलाला आईच्या फरकोटाचं कातडं लागलं. वडील यंत्रकामगार. मुलाच्या बाहुल्यांचे सांगाडे ते लेथवर घडवून देत, आणि मुलगा नामांकित झाल्यावरही देत राहिले. परीकथांवरच्या त्याच्या छोट्या पटांत कपडे आईने शिवलेले. ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ (१९६३) मधली सात सांगाड्यांची तीन माणसांशी झालेली तलवारबाजी त्याने एकट्याने साडेचार महिने सरकवली. काही दिवशी दिवसभरात १३ चित्रं व्हायची, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. आधी चित्रित झालेल्या माणसांच्या प्रत्येक वाराला सातांपैकी कुणीतरी उत्तर द्यायचं होतं. तिथे बाहुल्याला मांसच नाही. सांधे उघडे. माझ्या लेखी देल्गादोच्या घराण्याचं ते शिखर आहे.

याच हॅरीहाउसेनने तरुणपणी जॉर्ज पाल याच्याकडे नोकरी केली होती आणि ती त्याला रुचली नव्हती. पाल हंगेरीचा. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये फिलिप्स रेडिओच्या जाहिराती करत त्याने नाव कमावलं आणि मग अमेरिका गाठली. सांध्याच्या प्रश्नाला त्याचं उत्तर असं, की सांधा ठेवायचाच नाही. चालायचं असेल तर चालीच्या प्रत्येक टप्प्याचे लाकडी पाय वेगळे कोरायचे आणि दर चित्राला बदलायचे. तोंडही तसंच. एका छोट्या पटाला ९,००० च्या आसपास तुकडे लागत. सफाई अफाट, पण कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला ठरवायला काहीच उरत नाही. सगळं आधीच कोरून झालेलं. हॅरीहाउसेनला नेमका तोच कंटाळा आला. पालची ही जात तेव्हा आडवाटेची वाटली होती. पुढे ती बाकीच्यांना गाठणार होती.

इथे पैशाबद्दल बोललं पाहिजे. ही कला हौशीने सुरू होते आणि पगाराने टिकते. दहा मिनिटांच्या पटासाठी पाच-सहा माणसांना वर्षभर पोसणारा कुणीतरी लागतो. आइंडहोव्हनमध्ये तो रेडिओवाला होता. चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लीनमध्ये चपलांचा बाटा. त्याच्या जाहिरातींसाठी उभ्या राहिलेल्या स्टुडिओतूनच हेर्मिना तिर्लोवा आणि कारेल झेमान घडले. अमेरिकन टीव्हीवरचं १९६४ सालचं ‘रुडॉल्फ’ हे नाताळचं हरीण जनरल इलेक्ट्रिकच्या पैशाने हललं, आणि हललं टोकियोत, तादाहितो मोचिनागाच्या चमूच्या हातांनी. प्रागमध्ये सरकार होतं. १९४५ साली तिथला सिनेउद्योग राष्ट्रीय झाला आणि यिर्झी त्रन्कासारख्या माणसाला स्टुडिओ मिळाला.

त्रन्का पिल्झेनचा. आई शिवणकाम करणारी, आजी खेळणी बनवणारी, आणि शाळेतले चित्रकलेचे मास्तर योसेफ स्कूपा म्हणजे त्या देशातले सर्वांत मोठे सूत्रधार. गावोगाव फिरणाऱ्या कळसूत्रीवाल्यांची चेक परंपरा जुनी होती. त्रन्काने आधी रेखाटलेली कार्टूनं केली, बक्षिसंही मिळवली. पण आपली रेघ मधल्या डझनभर हातांतून जाते हे त्याला सोसवेना. बाहुल्यात रेघ जिथल्या तिथे राहते. ‘श्पालीचेक’ (१९४७), ‘सम्राटाचा बुलबुल’ (१९४९), मग शेक्सपिअर.

त्रन्काच्या बाहुल्यांचे चेहरे हलत नाहीत. ओठ, भुवया, काहीच नाही. पालकडे तोंडांचा ढीग, स्तारेविचकडे दाबता येणारं कातडं, आणि इथे कोरलेलं, रंगवलेलं, जन्मभर एकच तोंड. त्यावर भाव येतो कुठून? मान किंचित खाली घातली की डोळ्यांवर सावली येते. दिवा डावीकडून उजवीकडे नेला की तोच चेहरा म्हातारा दिसतो. सगळा अभिनय मानेच्या एका सांध्यावर आणि दिव्यावर. मला तरी या वंशावळीतला हा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो, आणि पुढच्या काळात चेहरे जितके बोलके झाले तितकं बघणाऱ्याचं काम कमी झालं, असंही वाटतं. १९६५ सालच्या ‘हात’ या शेवटच्या पटात एक कुंभार आपल्या रोपट्यासाठी कुंडी घडवत असतो आणि एक भलामोठा हातमोजा घातलेला हात घरात घुसून हाताचाच पुतळा घडवण्याची आज्ञा देतो. बाहुलं आणि खराखुरा माणसाचा हात एकाच चौकटीत. पगार देणाऱ्याबद्दल बाहुलं काय म्हणतंय हे सरकारला समजायला वेळ लागला असावा. १९६९ मध्ये त्रन्का वारल्यावर त्या पटावर बंदी आली.

किहाचिरो कावामोतो हा मोचिनागाबरोबर काम केलेला जपानी बाहुलीकार १९६३ साली प्रागला त्रन्काकडे शिकायला गेला. त्रन्काने त्याला सांगितलं की तू आपल्या देशातल्या परंपरेकडे बघ. परत जाऊन त्याने नोह या मुखवट्यांच्या नाट्याकडे आणि बुनराकू या बाहुलीनाट्याकडे नव्या डोळ्यांनी पाहिलं. नोहचा मुखवटा वर उचलला की उजळतो, खाली झुकला की झाकोळतो. जी गोष्ट शिकायला तो प्रागला गेला ती क्योतोत शतकांपासून होती. ‘ओनी’ (१९७२) आणि ‘दोजोजी’ (१९७६) हे त्याचे पट त्यातून आले.

प्रागमध्ये स्कूपाचा शिष्य कॅमेऱ्याशी येऊन पोहोचला. आपल्याकडे तसं झालं नाही. बाहुल्या होत्या, सिनेमाही होता. १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी स्वतः लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. त्या जुन्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा मंचावर आणल्या त्या रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्या वडिलांचे अर्धवटराव घराघरांत बोलत होते. मराठी सिनेमातलं सर्वांत गाजलेलं बाहुलं कोणतं, हे विचारायची गरजच नाही. १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचूही पाध्यांनीच घडवला. पण तात्या विंचू कॅमेरा चालू असताना हलतो, त्याला हलवणारा माणूस तिथेच लपलेला असतो. तो भाव्यांच्या बाहुल्यांचा नातू आहे, फाळक्यांच्या काड्यांचा नाही. आपली बाहुली समोर बसलेल्या माणसासाठी घडली. तिच्याकडे दोरी होती, आवाज होता, हजरजबाबीपणा होता. दिवसाला अर्धा सेकंद काम करायला सांगणारा आणि त्याचे पैसे देणारा कुणी तिला भेटला नाही. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टूनचा विभाग काढला, डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, राम मोहन यांच्यासारखे लोक तयार झाले, पण सरकारी पैसा मुख्यतः रेखाटलेल्या चित्रांकडे गेला. आपल्याकडे मातीच्या बाहुल्या लक्षात राहिल्या त्या बऱ्याच उशिरा. धीमंत व्यास यांनी केलेली ‘तारे जमीं पर’ची शीर्षकं २००७ ची आणि मुंबईच्या सुरेश एरियत यांची ‘टोकरी’ २०१७ ची.

आज घरी बसून कुणी असं बाहुलं करायला घेतलं तर तो पुन्हा स्तारेविचपाशीच येतो. अॅल्युमिनियमची दोन-तीन पदरी तार पिळून हातपाय करायचे. छाती आणि कंबर कठीण हवी, म्हणून तिथे लाकडाचा ठोकळा किंवा एम-सील. दंडाच्या आणि पोटरीच्या मधल्या भागावरही एम-सील, म्हणजे तार फक्त कोपरात आणि गुडघ्यातच वाकेल. तळपायात नट बसवायचा आणि टेबलाला भोक पाडून खालून बोल्ट आवळायचा, नाहीतर एका पायावर उभं राहताना बाहुलं कलंडतं. वाकवलेली तार किंचित माघारी येते, त्यामुळे हवं त्यापेक्षा थोडं जास्त वाकवून सोडावं लागतं. डोळ्यांना मणी, मण्याला बारीक भोक, आणि टाचणीने बुबुळ फिरवायचं. पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तार तुटते, आणि जवळजवळ नेहमी आधी मनगटात. शहाणी माणसं म्हणून हात वेगळे करून खोबणीत बसवतात, तुटला की बदलता येतो. हा पालचाच गुण, गरजेपोटी आलेला.

मोठ्या स्टुडिओंत पालचं घराणं याच बदलत्या तुकड्यांनी परत आलं. ‘झपाटलेला’च्याच वर्षी आलेल्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मध्ये जॅक या नायकाला ४०० च्या वर डोकी होती. २००९ च्या ‘कोरलाइन’पासून चेहरे थ्री-डी प्रिंटरवर छापले जाऊ लागले. कपाळाचा आणि तोंडाचा भाग वेगळा, आणि मधली फट संगणकावर पुसलेली. ‘अॅनोमलिसा’च्या (२०१५) मंडळींनी ती फट मुद्दाम तशीच ठेवली. दुसरीकडे मँचेस्टरजवळच्या मॅकिनन अँड सॉन्डर्सच्या कारागिरांनी डोक्याच्या आत दातेरी चाकं बसवली. २००५ च्या ‘कॉर्प्स ब्राइड’मध्ये बाहुल्याच्या कानात बारीक किल्ली घालून फिरवली की सिलिकॉनच्या कातडीखाली ओठांचा कोपरा वर जातो. स्तारेविच बोटाने दाबत होता, हे घड्याळजीसारखे काम करतात. कॅमेरेही तोवर डिजिटल झाले होते. आधीच्या लोकांना पुढचं-मागचं चित्र ताडून पाहायला फिल्म धुऊन यावी लागे, आता ते लगेच पडद्यावर दिसू लागलं. बाकी कामाचा वेग मात्र त्याने फारसा वाढला नाही.

गिलेर्मो देल तोरोच्या २०२२ च्या ‘पिनोकिओ’ची मुख्य बाहुली याच कारागिरांकडची. माणसांच्या पात्रांना, म्हणजे म्हाताऱ्या सुतार गेपेत्तोला वगैरे, चाकांची डोकी आणि मऊ कातडी. पिनोकिओ स्वतः लाकडाचा मुलगा, त्याची कातडी ताणली जाऊन चालणार नव्हती. म्हणून त्याचे कठीण चेहरे एकेक करून छापले आणि दर ठेवणीला बदलले. गेपेत्तो आणि पिनोकिओ समोरासमोर बसून बोलतात, तेव्हा एकाच टेबलावर एका डोक्यात किल्ली फिरत असते आणि दुसऱ्याचा चेहरा काढून पेटीतला पुढचा लावला जात असतो.